हलक्या गोष्टीचे वजन

माझी भाची इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका गावात राहते. दिवसा एका कचेरीत हिशेब लिहिते आणि रात्री, मुले झोपल्यावर, कादंबऱ्या लिहिते. इंग्रजीत लिहिते, आणि लिहिते ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या हलक्याफुलक्या प्रेमकथा. गेल्या हिवाळ्यात तिने नव्या कादंबरीचा पहिला खर्डा मला पाठवला. सोबत दोन ओळी होत्या : "मामू, तुम्ही आयुष्यभर मुलांचे निबंध तपासलेत. हाही तपासा. पण लाल शाई जरा जपून."

मी कोकणातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. फडके की खांडेकर, कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद मी तीसेक वर्षे वर्गात मांडला आणि दर वर्षी निकाल खांडेकरांच्या बाजूने दिला. प्रणयरम्य कादंबरी म्हणजे रिकाम्या वेळेची करमणूक, असे माझे पक्के मत. त्यामुळे खर्डा उघडण्याआधीच माझ्या हातात लाल शाई होती. माझा आक्षेप केवळ साहित्यिक असता, तर तो मी भाचीला कळवून मोकळा झालो असतो. पण वाचता वाचता तो नैतिक झाला, आणि पुढे माझ्यावरच उलटला. म्हणून हा लेख.

प्रश्न असा आहे. ज्या काळात आपल्या पूर्वजांनी गुलामी पाहिली, दुष्काळ पाहिला, त्या काळाची पार्श्वभूमी घेऊन हसतखेळत प्रेमकथा लिहिणे योग्य आहे काय? त्यात मृतांचा अवमान होत नाही काय? आणि लिहिणारी त्याच मृतांची नात-पणती असेल तर?

ज्यांनी या प्रकारच्या कादंबऱ्या वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या परंपरेत जॉर्जेट हेयर या लेखिकेचे नाव मोठे आहे. १९२१ साली तिची पहिली कादंबरी आली आणि पुढे तिने प्रामुख्याने व्हिक्टोरियाच्या आधीचा, म्हणजे १८११ ते १८२० च्या आसपासचा काळ रंगवला. नंतरच्या लेखिका व्हिक्टोरियाच्या राज्यात, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात शिरल्या. मग कथेत आगगाडी आली, तारयंत्र आले, गॅसचे दिवे आले आणि पिंजऱ्यासारखे फुगीर घागरे आले. नियम मात्र तोच राहिला. नायक-नायिका आधी भांडतात, मग पेचात सापडतात, आणि शेवट गोडच होतो. शेवट गोड नसेल तर वाचक पुस्तकाला त्या जातीत घेतच नाहीत. यातला नायक बहुधा ड्यूक असतो. त्या काळी इंग्लंड-स्कॉटलंडात मिळून ड्यूक जेमतेम दोन-तीन डझन असतील, पण कादंबऱ्यांतले मोजले तर त्यांची पलटण उभी राहील.

मी भाचीला फोनवर विचारले, "तुला दुसरा विषय नाही मिळाला?" ती म्हणाली, "मामू, आजच्या जोडप्याला अडथळाच नसतो. एकमेकांना आवडले की झाले. गोष्ट कुठे आहे त्यात? त्या काळी मुलीने हातमोजा काढला तरी ती घटना असायची. चिठ्ठी कुणाच्या हाती लागेल याची धास्ती, सोबतीला म्हातारी आत्या, घराण्याची इज्जत. हे सगळे मला कुणी शिकवावे लागले नाही. मी आपल्या मोहल्ल्यात वाढले आहे."

हे ऐकून मी गप्प झालो. आपल्या घरांतल्या मुली ही पुस्तके उशीखाली ठेवून का वाचतात, हे मला तेव्हा प्रथम उमगले. ज्या प्रेमकथेत हयेला किंमत आहे, नजर वर उचलणे हाच एक मोठा प्रसंग आहे, ती कथा लंडनमध्ये घडली तरी त्यांना परकी वाटत नाही. आपल्या मुली त्या पुस्तकात गोऱ्या साहेबाला शोधतात असे आपण समजतो. त्या बहुधा आपल्याच घराचा ओटा शोधत असतात.

तरीही माझा आक्षेप संपला नाही. ओटा खरा असेल, पण त्याखाली काय गाडले आहे?

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला आणि व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली. त्याच वेळी दख्खनमध्ये दुष्काळ होता. सोलापूर, अहमदनगर, सातारा हे जिल्हे आणि खाली मद्रास इलाखा होरपळत होता. १८७६ ते १८७८ या काळात त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असे इतिहासकार मानतात. मदतीच्या कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरते की नाही, यावर सरकारदरबारी वाद चालला होता. दरबार भरवणारा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. याचे वडील इंग्रजीतले नामांकित कादंबरीकार. स्वतः लिटन ओवेन मेरेडिथ या टोपणनावाने कविता लिहीत असे, आणि १८६० साली त्याने एक पद्यकादंबरी प्रसिद्ध केली होती. ती कसली होती? प्रेमकथा! म्हणजे प्रेमकथा लिहिणारे नाजूक मन आणि भुकेल्यांच्या मुलखात जल्लोष करणारे मन एकाच माणसात सुखाने नांदू शकते. सौंदर्यदृष्टी असली की दयाही असते, हा आपला एक गोड गैरसमज आहे.

हे झाले आपले. खुद्द त्यांच्या घरी काय होते? १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. कोळशाच्या खाणीत बायका आणि लहान मुले भूगर्भात राबत होती; ते कायद्याने थांबले १८४२ साली. आणि ज्या लग्नाने या कादंबऱ्या संपतात, त्या लग्नाचा अर्थ काय होता? इंग्लिश कायद्यानुसार लग्न होताच बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच ताब्यात जाई. श्रीमंत बाप वकील लावून मुलीच्या नावे विश्वस्तनिधी करून ठेवत. दुकानदाराच्या मुलीला ती सोय परवडत नसे. १८५७ च्या कायद्याने घटस्फोट न्यायालयात मिळू लागला, पण त्यातही मेख होती. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. १८७० च्या कायद्याने तिची स्वतःची कमाई तिची झाली, आणि १८८२ च्या कायद्याने, जो १ जानेवारी १८८३ पासून लागू झाला, विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता आपल्या नावे राखण्याचा हक्क मिळाला.

म्हणजे १८८३ पूर्वीच्या कुठल्याही प्रेमकथेतला तो सुखान्त, कायद्याच्या भाषेत, नायिकेच्या दिवाळखोरीचा दिवस होता. यावर हसायचे कसे?

इथे आपल्या परंपरेत शिरून विचार करावासा वाटतो. काल्पनिक गोष्ट म्हणजे खोटे, आणि खोटे म्हणजे गुनाह, असे म्हणणारे बुजुर्ग आपण सर्वांनी पाहिले आहेत. माझ्या लहानपणी कादंबरी वाचणाऱ्या मुलाला "कुराण झाले का पढून?" हा प्रश्न ठरलेला. पण विनोदाबाबत हदीसचे दोन दाखले आपण जोडीने ऐकत आलो आहोत. हजरत पैगंबर (स.) थट्टा करत, पण थट्टेतही सत्यच बोलत. एका वृद्धेला ते म्हणाले होते की जन्नतमध्ये म्हाताऱ्या जाणार नाहीत. ती रडू लागली, तेव्हा तिला सांगितले गेले की तिथे जाणारी प्रत्येक जण तरुण होऊनच जाईल. दुसरा दाखला इशाऱ्याचा आहे : लोकांना हसवण्यासाठी जो खोटे बोलतो, त्याची खैर नाही. दोन्ही एकत्र ठेवले तर मनाई हसण्याला नाही. हसवण्यासाठी खोट्याचा आधार घेण्याला आहे. उलट भावाकडे पाहून हसणे हाही सदका आहे, असे आपण पोरांना शिकवतो.

मग कादंबरीत खोटे नेमके कुठे राहते? नायक नावाचा माणूस कधी जन्मला नव्हता, हे खोटे नव्हे. लिहिणारा आणि वाचणारा, दोघांनाही ते ठाऊक असते. जिथे फसवणूक नाही तिथे खोटे नाही. खोटे असते ते गोष्टीच्या पायाखालच्या जमिनीत. नायिका चहा पिते हे ठीक. पण तो चहा, ती साखर, तो कापूस कुणाच्या हातांशिवाय आपोआप उगवला असे वाचकाला वाटू देणे, हे खोटे. नायिका लग्नानंतरही आपल्या पैशांची धनीण राहिली, असे १८६० सालात सहज दाखवणे हे खोटे. आणि वाचक या जमिनीबद्दल सावध नसतो, म्हणून ते अधिक खोटे. कथेवर तो विश्वास ठेवत नाही, पण काळाच्या चित्रावर नकळत ठेवतो.

या कसोटीवर भाचीची कादंबरी मी पुन्हा वाचली आणि मला थोडी शरम वाटली. तिची नायिका ड्यूकची कुणी नाही. रिबिनी-बटणांचे दुकान चालवणारी, बाप वारलेली मुलगी. तिचे एका छापखानेवाल्यावर प्रेम बसले आहे, साल आहे १८८२. नवा कायदा संमत झाला आहे, पण लागू व्हायचा आहे नव्या वर्षी. आज लग्न केले तर दुकान नवऱ्याचे. १ जानेवारीनंतर केले तर दुकान तिचे. आता हे त्याला सांगायचे कसे? सांगितले तर "माझ्यावर विश्वास नाही" म्हणून तो रुसणार. म्हणून ती कारणे शोधते. एकदा घोटा मुरगळतो, एकदा लांबची काकू वारते, एकदा लग्नाचा पोशाख चुकीच्या रंगाचा निघतो. तीच काकू दुसऱ्यांदा वारते तेव्हा नायकाला संशय येतो. मी एकटाच खो-खो हसलो. आणि हसता हसता लक्षात आले, त्या विनोदाचा कणा कायद्याचे एक कलम आहे. ते कलम काढून घेतले तर विनोदच पडतो. सत्यावर उभी असलेली थट्टा म्हणजे काय, ते माझ्या भाचीने मला रिबिनीच्या दुकानात दाखवून दिले.

इथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात जे येईल ते माझ्याही मनात आले. इंग्लंडच्या बाईला १८८३ साली जे मिळाले, ते आमच्या शरियतने तेराशे वर्षांपूर्वी दिले होते. बायकोची मालमत्ता बायकोची, मेहर तिचा, वारशात वाटा तिचा. हे खरे आहे आणि त्याचा अभिमान वाटणे गैर नाही. पण तो अभिमान मी भाचीला फोनवर ऐकवला तेव्हा ती इतकेच म्हणाली, "मामू, आईने हक्कसोडपत्रावर सही कधी केली होती?"

सही मी मागितली होती. घर दुरुस्तीला कर्ज काढायचे होते, बहीण सासरी सुखात होती, तिने हसत सही केली. तिने 'नाही' म्हटले असते तर माझा चेहरा कसा झाला असता, हे तिला माहीत होते. म्हणूनच ती हसली. कायदा कागदावर आधी आला की नंतर, याची शर्यत आपण जिंकतो. बहिणीच्या हातात काय पडले, हा हिशेब आपण काढत नाही. दुसऱ्यांच्या इतिहासाची थट्टा लिहिणाऱ्या मुलीने मला माझा इतिहास दाखवला तो असा. गंभीर वैचारिक लेख वाचून मला हे कधी सुचले नव्हते.

तेव्हा हलके लिहिणे म्हणजे उथळ लिहिणे नव्हे, इतके मी कबूल केले. उलट बाजूही पाहिली पाहिजे. गांभीर्यही खोटे असू शकते. डेप्युटी नझीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' ही १८७० च्या दशकातली कादंबरी उर्दू वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. तीही व्हिक्टोरियाच्याच राज्यातली. त्यात पश्चात्ताप पावलेला बाप थोरल्या मुलाची पुस्तके जाळतो. लेखकाचा हेतू सुधारणेचा होता, पण ती आग वाचताना आजही अंगावर काटा येतो. आणि त्याच सुमारास, लखनौ उद्ध्वस्त होऊन जेमतेम वीस वर्षे झाली होती तेव्हा, रतननाथ सरशार यांनी 'अवध अखबार'मधून 'फसाना-ए-आझाद' लिहायला घेतला. त्यातल्या खोजीने सगळ्या उत्तर हिंदुस्थानाला हसवले. घाव अजून ओला असताना! दिल्ली उजाड झाल्यावर गालिबने जी पत्रे लिहिली त्यांत जागोजाग मिस्किलपणा आहे. इंग्रज अधिकाऱ्याने "तू मुसलमान आहेस काय" असे विचारल्यावर "अर्धा" असे उत्तर देऊन, दारू पितो पण डुक्कर खात नाही, असा खुलासा त्याने केल्याची आठवण प्रसिद्धच आहे. गळ्याशी फास असताना माणूस थट्टा करतो ती विसरण्यासाठी नव्हे. माणूसपण शाबूत आहे, एवढे स्वतःला बजावण्यासाठी करतो.

पण गालिब हसला ते स्वतःवर, स्वतःच्या तोंडाने. दुसऱ्याने त्याच्यावर हसणे ही वेगळी गोष्ट आहे. इथून खरी अडचण सुरू होते.

२०१७ साली 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' हा चित्रपट आला. १८८७ साली आग्र्याहून राणीच्या चाकरीत गेलेला चोवीस वर्षांचा अब्दुल करीम पुढे तिचा मुन्शी झाला. त्याने तिला हिंदुस्तानी लिहायला-बोलायला शिकवले. दरबारातल्या लोकांना तो डोळ्यांत सलत होता. १९०१ साली राणी वारताच नव्या राजाच्या हुकमाने त्याच्याजवळची पत्रे जाळण्यात आली, आणि १९०९ साली तो आग्र्याला वारला. श्राबणी बसू यांनी २०१० साली या विषयावर पुस्तक लिहिले, त्यावर हा चित्रपट. चित्रपट गमतीदार आहे, म्हातारी राणी तर फारच मजेची आहे. मीही हसलो. पण बाहेर पडल्यावर मला राणी आठवत होती, अब्दुल आठवेना. तो सुंदर दिसतो, वाकतो, राणीच्या पायांचे चुंबन घेतो. त्याला रात्री झोपताना काय वाटत असेल, याचा पत्ता नाही. ज्याची पत्रे जाळली, त्याचे मनही पडद्यावर आले नाही. सगळ्या गमतीचा खर्च त्याच्या नावे पडला.

म्हणून हलक्याफुलक्या ऐतिहासिक कथेला मी दुसरा प्रश्न विचारू लागलो : या हसण्याचे बिल कोण भरतो?

भाचीच्या खर्ड्यातल्या सातव्या प्रकरणाशी मी इथेच थांबलो. डिसेंबरची सकाळ. नायिका गोदीजवळच्या रस्त्याने चालली आहे. बर्फ पडले आहे. समोरून पातळ सुती कपड्यांतला एक काळासावळा हिंदी खलाशी येतो, घसरतो, सावरायला तिची छत्री धरतो आणि दोघेही आपटतात. बर्फात बसल्या बसल्या तो खलाशी नायिकेला अदबीने म्हणतो, "थँक यू सर." नायिका हसते, गर्दी हसते, प्रकरण संपते.

मी तिला फोन केला. आवाज चढला होता, हे कबूल करतो. म्हटले, "हे काढ. आपला माणूस इंग्रजांना हसायला दिलास?" पलीकडे जरा शांतता होती. मग ती म्हणाली, "मामू, ही गोष्ट मला तुम्हीच सांगितली आहे. दर ईदला सांगता."

तिचे खरे होते. तो खलाशी माझे पणजोबा.

व्हिक्टोरियाच्या काळात मोठ्या आगबोटींवर हजारो हिंदी खलाशी होते. साधारण वाटणी अशी की डेकवर कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरचे मुसलमान, खाली इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. रत्नागिरीच्या खाड्यांतून किती सारंग, टंडेल आणि खलाशी गेले याची गणती नाही. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार अगदी थोडा. लंडनमध्ये बोटीवाचून अडकलेल्या अशा लोकांसाठी लाइमहाउस भागात १८५७ साली एक आसराघर उघडावे लागले होते. माझे पणजोबा १८९० च्या सुमाराचे. त्यांच्या लंडनमधून आमच्या घरात दोनच गोष्टी उतरल्या. पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेले कामाचे दाखले, आणि ही छत्रीची गोष्ट. नळी गंजली, गोष्ट टिकली. माझे वालिद ती अशी रंगवून सांगत की ताटावर बसलेले लोक हसून ठसकत. आमच्या घरात अजूनही कुणी अडखळून पडले की उठवणाऱ्याला "थँक यू सर" म्हणायची रीत आहे.

मग मी रागावलो का? घरात सांगितलेली गोष्ट वेगळी आणि छापलेली वेगळी, असे मी भाचीला म्हणालो खरे, पण का वेगळी ते मला सांगता येईना. दोन दिवस ते मनात घोळत राहिले. आणि मग दादी आठवली. म्हणजे पणजोबांची सून. अखेरच्या आजारात तिनेच त्यांचे केले होते. मी दहा-अकरा वर्षांचा असताना ती एकदा सांगत होती, की पणजोबांना वुजू करताना पाय धुवायला पाणी तीच घालायची, आणि त्यांच्या डाव्या पायाला दोन बोटे नव्हती. "विलायतेच्या थंडीने खाल्ली," ती म्हणाली होती. थंडीच्या दिवसांत घरातले पोर उघड्या पायांनी झोपलेले दिसले की ते अर्ध्या रात्री उठून त्याचे पाय झाकत.

छत्रीची गोष्ट वालिद सांगत आणि बोटांची गोष्ट दादी सांगे. एक बैठकीत, एक चुलीपाशी. साठ वर्षे या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत होत्या. तो त्या सकाळी घसरला का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पायात धड जोडे नसलेला माणूस बर्फावर घसरणार नाही तर काय!

आता मला फरक सांगता येतो. पणजोबांनी स्वतः ती गोष्ट सांगितली तेव्हा ऐकणाऱ्यांच्या समोर त्यांचा पाय होता. रोज पाच वेळा तो पाय घरातले लोक पाहत होते. त्यांना हसताना काही विसरावे लागत नव्हते. हसू आणि पाय एकाच ओसरीवर होते. पुढे गोष्ट वालिदांकडे आली, माझ्याकडे आली, आणि पाय मागे राहिला. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी मी भाचीवर ओरडलो, तो तिच्या आधी मी केला होता. तिने फक्त माझ्याकडून मिळालेला माल पुढे दिला. मृतांची गोष्ट ही अमानत आहे, असे आपण म्हणतो. मी त्या अमानतीतला अर्धा भाग ईदच्या दस्तरखानावर उडवला होता.

हे सगळे मी तिला सांगितले. तिला बोटांची गोष्ट माहीतच नव्हती. बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटले, ती आता ते प्रकरण काढून टाकेल, किंवा त्यात दुःखाचे एक पान घालेल. मी म्हणालो, "काढून टाकू नकोस. आणि रडूही नकोस त्याच्यावर." कारण ते रडणेसुद्धा पणजोबांच्या इच्छेविरुद्ध झाले असते. त्यांना मागे काय ठेवायचे होते, ते त्यांनी निवडले होते. दुःख त्यांच्यापाशीही भरपूर होते. त्यांनी थट्टा निवडली. अशा माणसाला केवळ बळी म्हणून उभे करणे, हाही त्याचा शब्द काढून घेण्याचाच प्रकार आहे. शिवाय प्रत्येक हलक्या पुस्तकाने दुःखाचा जकातनाका भरल्यावाचून पुढे जाऊ नये, असा नियम केला, तर ते दुःखही लवकरच नुसती पावती होईल. थकून आलेल्या बाईला रात्री अर्धा तास हसू मिळत असेल तर तो छोटा सदका नव्हे.

दोन महिन्यांनी नवे सातवे प्रकरण आले. घटना तीच. पण आता ती खलाशाच्या नजरेने दिसते. त्याला वाटते, रात्री कुणी मिठागर सांडले की काय. समोरून येणारी बाई इतक्या कपड्यांत गुंडाळलेली आहे की तिला चालताना पाहून त्याला शीड न उतरवलेले गलबत आठवते. दोघे आपटतात. इंग्रजीतले तीनच शब्द त्याला येतात आणि ते बोटीवर दिवसातून शंभर वेळा म्हणावे लागतात, म्हणून तो तेच म्हणतो. नायिका हसते. तोही हसतो. मग उठताना तिची नजर त्याच्या पायांकडे जाते. पुढच्या प्रकरणात, लग्न पुढे ढकलायला तिला पुन्हा एक कारण हवे असते, तेव्हा ती नायकाला सांगते की लोकरी मोज्यांची मोठी मागणी आली आहे. या खेपेला कारण खरे असते. गोदीवर मोजे वाटून झाल्यावरच ती लग्नाची तारीख ठरवते : २ जानेवारी १८८३.

मोज्यांवर तिने भाषण लिहिले नाही. दोन ओळींत प्रकरण मिटवले आहे. काकू मात्र तिसऱ्यांदाही वारते.

मी तिला उत्तर पाठवले. लाल शाईने दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. त्या बहुधा चुका नसाव्यात, माझेच इंग्रजी कच्चे आहे. सोबत पत्र्याच्या नळीचा फोटो पाठवला. आणि बहिणीच्या घरी जाऊन आलो. हक्कसोडपत्राचा विषय मीच काढला. ती आधी हसली, मग हसायची थांबली. बोलणे अजून चालू आहे.

येत्या ईदला पोरे छत्रीची गोष्ट सांगा म्हणतील. मी सांगेन. फक्त सुरुवात पायापासून करीन.